मोहरीएवढं काजळ

मी भूल देणारी डॉक्टर आहे. आधी नागपूर, मग पुणे, आणि आता सात वर्षं झाली, आयर्लंडमध्ये लिमरिकला. माणसांना बेशुद्ध करायचं आणि काम झालं की परत शुद्धीवर आणायचं, एवढंच मला येतं. आजवर जेवढ्यांना झोपवलं त्यातलं कुणीही 'तिकडे' जाऊन बोगदा, प्रकाश किंवा वारलेले आजोबा बघून आलेलं नाही. जागे झाले की बहुतेक जण म्हणतात, मळमळतंय. त्यामुळे भूतखेत, दृष्टांत, संकेत... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. वाचकांच्या अशा अनुभवांचं हे सदर मी नियमित वाचते, पण खरं सांगू? चहा पिता पिता निदान करायला वाचते. याला स्लीप पॅरालिसिस होता, हिच्या घरात गॅस गळत असणार, हा सरळसरळ थापा मारतोय.

आता मीच लिहायला बसलेय. करा निदान. खरंच करा, मी त्यासाठीच लिहितेय.

आधी माणसं सांगते. नवरा मंदार, सॉफ्टवेअरवाला. त्याचं ऑफिस डबलिनला ग्रँड कॅनाल डॉकमध्ये. आठवड्यातून दोन दिवस तिकडे जातो, बाकीचे दिवस डायनिंग टेबलवर हेडफोन लावून बसतो. आणि मुलगी ईरा, तेव्हा नऊ वर्षांची. ईराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते लिमरिकच्या हेलातल्या इंग्लिशमध्ये. शाळेत जायला लागली आणि माझी 'आई'ची 'माम' झाली, ती झालीच. तिचं बोलणं मी इथे मराठीत लिहितेय, एखाद-दुसरा शब्द तिचा तसाच ठेवून.

ईराला डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार आहे. आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन्ही खराब जीन्स आले तरच होतो. लग्नाच्या वेळी आमचे अठ्ठावीस गुण जुळले होते, हा एकोणतिसावा कुणी बघितला नव्हता. यात नजर मधून जाते. कडेकडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे सरळ बघावं तेच पुसलं जातं, आणि तो पुसलेला भाग मोठा होत जातो. पोर हुशार, तिने आपली आपण युक्ती काढली होती — मान डावीकडे कलती करायची आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचं. टीव्ही तसाच, ताटातली भाजी तशीच, आणि मी बोलत असले तर मीही तशीच. वर्षभर माझ्या मुलीने माझ्याकडे सरळ बघितलं नव्हतं. बघून उपयोगच नव्हता, माझ्या चेहऱ्याच्या जागी तिला राखाडी ढग दिसायचा. हे तिनेच मला सांगितलं, अगदी सहज, दूध पिता पिता.

उपचार नाही. फेब्रुवारीत डबलिनच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी ते फार नीट समजावून सांगितलं, मी डॉक्टर म्हणून जरा जास्तच नीट. असं सांगताना खुर्ची थोडी पुढे ओढायची, आवाज खाली आणायचा, नातेवाइकांकडे टिश्यूचा बॉक्स सरकवायचा... हे सगळं मीही करत आलेय. बॉक्स माझ्याकडे सरकला तेव्हा कळलं की या खोलीत नातेवाईक मी आहे.

तिथून बाहेर पडलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. मंदार पाचला ऑफिसातून सुटणार, मग तिघं गाडीने लिमरिकला जाणार, असं ठरलं होतं. पाऊस आडवा मारत होता. समोर एक छोटं म्युझियम दिसलं. फुकट आणि उबदार, म्हणून शिरलो. त्याचं नाव देत नाही, का ते पुढे कळेलच. जिना चढून डावीकडे इजिप्तची एकच खोली आहे. ममी वगैरे नाही, मणी, मडकी, एक दगडी मांजर, आणि खिडकीजवळच्या काचेच्या कपाटात एक लाकडी पेटी.

पोळ्यांच्या डब्याएवढी असेल. चार बुटके पाय, कडेने हस्तिदंताची पट्टी, झाकणावर कमळ हुंगत बसलेली बाई आणि दोन बदकं. बदकांचा रंग अजून ओळखू येतो, बाईचा चेहरा उडालाय. झाकण थोडं सरकवून ठेवलेलं, आत लाकडी खण. एका खणात दात पडलेली फणी, एका खणात बोटाच्या पेराएवढी काळ्या दगडाची काजळाची कुपी. पेटीच्या मागे स्टँडवर काशाचा गोल आरसा. आपल्याकडे पूर्वी बायकांची फणेरपेटी असायची ना — आरसा, फणी, कुंकवाचा करंडा सगळं एका पेटीत — तीच गोष्ट, फक्त तीन हजार वर्षांपूर्वीची. कार्डावर लिहिलं होतं की ती कुणा बाईची ते माहीत नाही, आणि कुपी रिकामी आहे. आरसा म्हणजे नावाला आरसा. गंज चढून हिरवागार, शेवाळलेल्या हौदासारखा. त्यात खिडकीचा उजेडसुद्धा दिसत नव्हता.

ईरा कपाटासमोर उभी राहिली. काहीतरी वेगळं दिसतंय असं मला वाटलं, पण काय ते पटकन कळेना. मग कळलं. तिची मान सरळ होती.

"माम," ती म्हणाली, "युअर वन काहीतरी शोधतेय." 'युअर वन' म्हणजे इथल्या बोलण्यात 'ती बाई'.

"कुठली बाई?"

"हातच दिसतायत तिचे. मनगटात निळे मणी आहेत. त्या छोट्या काळ्या डबीत बोट घालतेय, पण आत काहीच नाहीये. काढते आणि परत घालते."

मी "हं" म्हटलं. पडदा खराब झालेल्यांना नसलेल्या गोष्टी दिसतात, मेंदू मोकळी जागा आपल्या मनाने भरून काढतो, हे पुस्तकात आहे. निदान झालं म्हणून मला बरंसुद्धा वाटलं. तेवढ्यात ती आरशाकडे बघून हसली.

"माझा नवीन दात किती वाकडा आलाय! तू सांगितलं नाहीस." आणि मग, "माम, चष्मा डोक्यावर आहे तुझ्या. आणि तुझे इथले केस पांढरे झालेत." तिने स्वतःच्या कपाळावर डाव्या बाजूला बोट ठेवलं.

मी तिच्या मागे उभी होते. ती माझ्याकडे वळलेलीसुद्धा नव्हती. दात वाकडा होता, चष्मा डोक्यावर होता. ती पांढरी बट मला महिन्यापूर्वी दिसली होती आणि मी ती आत दडपून भांग पाडत होते, त्या दिवशी पावसात ती सुटली असणार. मी आरशात वाकून बघितलं. हिरवं. नुसतं हिरवं.

खाली आल्यावर मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले. डोळ्यांच्या डॉक्टरांपुढे आलं नव्हतं, ते सगळं तिथे आलं.

मंदारला सांगितलं तेव्हा तो गाडी चालवत होता. त्याने वायपर एक टप्पा वाढवले. मग म्हणाला, "टेस्ट केल्याशिवाय मी काही मानणार नाही." मीही तेच म्हणणार होते. पुढच्या शनिवारी तिघं गेलो. डोळे तपासायच्या तक्त्यावर असतो तसा इंग्लिश 'E' मी पुठ्ठ्यावर काढून नेला होता. ईराच्या मागे उभं राहून तो छातीशी धरायचा, कधी वर, कधी खाली, कधी उजवीकडे फिरवून. वर आणि खाली तिने बरोबर सांगितलं. डावी-उजवी बाजू मात्र दर वेळी उलटी. मी पुठ्ठा खाली घेतला. मग मंदार हळूच म्हणाला, "अगं, आरशात उलटंच दिसणार ना." वीस वेळा केलं, वीसही वेळा आरशात दिसावं तसं. मंदारने फोनवर शूटिंग घेतलं, त्यात हिरवी थाळी आणि तिच्यासमोर ताठ मानेने उभी असलेली मुलगी, एवढंच. तो तिथल्या बाकावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं त्याने.

त्या दिवशी निघताना त्याने मला एकच गोष्ट सांगितली. "हे का चालतंय ते आपल्याला माहीत नाही. चालतंय ना? मग हात लावायचा नाही. चालू सिस्टीमला हात लावायचा नाही, हे आमच्याकडे नवीन आलेल्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतात."

मी हो म्हटलं होतं.

मग दर शनिवार ठरूनच गेला. सकाळी आठला लिमरिकहून निघायचं, साडेदहाला म्युझियम उघडायच्या आधी दारात. माझी शनिवारची ड्यूटी बदलून घेताना मी कुणाकुणाच्या नाकदुऱ्या काढल्या ते विचारू नका. ईरा आरशासमोर अर्धा तास उभी राहायची. वेडीवाकडी तोंडं करायची, दात मोजायची. आणि मग म्हणायची, "आता तू ये." मी तिच्या मागे जाऊन उभी राहायचे आणि माझी मुलगी माझ्याकडे सरळ बघायची. मला ती दिसायची नाही, पण तिची मान दिसायची ना. शनिवारी मी ड्रेस इस्त्री करायचे, टिकली लावायचे, कानात मोठे झुमके घालायचे. मंदार चिडवायचा, "दाखवायला नेतोय का तुला?" त्या बटेला कलर लावू का, असं मी ईराला विचारलं तर म्हणाली, "नको, मला ती आवडते."

तिथे ओर्ला म्हणून बाई होत्या, त्या विभागाच्या प्रमुख. पन्नाशीच्या, गळ्यात दोरीला चष्मा. त्यांना वाटायचं, या मुलीला इजिप्तचं भारी वेड. "शी इज अ डोट," म्हणजे काय गोड पोर आहे, असं दर वेळी म्हणायच्या. त्यांना आम्ही काही सांगितलं नाही. काय सांगणार?

पण खोलीबाहेर पडलं की ईराची मान परत कलायची. मे महिन्यात डोळ्यांची तपासणी झाली, आकडे आणखी वाईट. जगात ती फक्त त्या एका हिरव्या थाळीत नीट बघू शकत होती. आणि त्या बाईचे हात... ते ईरा दर वेळी सांगायची नाही, पण सांगितलं की मला झोप लागायची नाही. "ती अजून शोधतेच आहे." "आज तिने सगळे खण उलटे केले." मेच्या शेवटी म्हणाली, "माम, ती दमलीय. आता फार हळू शोधते. मला वाटतं ती सोडून देईल."

सोडून दिलं तर? पेटी बंद करून निघून गेली तर? हा विचार माझ्या डोक्यात शिरला तो तिथेच राहिला. डोक्यातल्या सगळ्या डॉक्टरी शहाणपणाच्या शेजारी तो आरामात बसला होता.

माझी आई तेव्हा तीन महिन्यांच्या व्हिसावर आली होती. आई अकोल्याकडची, वऱ्हाडी पक्की. शेजारच्या आयरिश काकूंनी आल्या आल्या ॲपल टार्ट पाठवला, तर त्यांची काचेची बशी हिने शंकरपाळ्यांनी भरून परत केली. काकूंनी त्याच बशीतून स्कोन्स पाठवले, आईने चिवडा. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण ती बशी महिनाभर कुंपणावरून ये-जा करत होती. कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हे आमच्याकडे इतकं अंगात मुरलेलं आहे की आम्ही त्याला रीतसुद्धा म्हणत नाही.

आईपासून काही लपून राहत नाही. ईरानेच तिला सगळं सांगितलं, अर्धं खुणांनी. आईला नवल वाटलं नाही, तेच मला नवल.

"काय शोधून राह्यली म्हने ते बाई?"

"काजळ असेल," मी म्हटलं. "काजळाची कुपी आहे ती."

"मंग देऊन टाक नं बाप्पा! बाईमानूस हाये, तिच्या डबीत काजय नाही, अन् तुमी दर शनवारी जाऊन नुसते पाहून येता? कोनाची डबी रिकामी ठेवू नाही, माय."

"आई, ते म्युझियम आहे. हात लावू देत नाहीत."

"तिचे डोये भरले तं ते आपल्या पोरीचे पाहीन," आई म्हणाली आणि उठली.

तिने तुपाचा दिवा लावला, त्यावर तांब्याची ताटली उपडी धरली. पाच मिनिटांत आमच्या घराचा स्मोक अलार्म असा बोंबलला की शेजारच्या काकू गाऊनवर धावत आल्या. तरी आईने काजळी धरलीच, खरवडली, तुपात खलली आणि माझ्या कानातल्यांच्या रिकाम्या डबीत भरली. घरी पाडलेलं काजळ पोरांच्या डोळ्यांत घालू नका, म्हणून मी स्वतः कित्येक आयांना फैलावर घेतलंय. त्या डबीकडे मात्र मी दोन दिवस बघत होते. मंदारला काही बोलले नाही. तो काय म्हणणार ते मला माहीत होतं.

जूनमध्ये ओर्लाबाईंनी अंधुक दृष्टीच्या मुलांसाठी एक सकाळ ठेवली. सहा-सात मुलं, वस्तूंच्या नकला हाताळायला, आणि दोन-तीन खऱ्या वस्तू कपाटातून काढून टेबलावर, जवळून बघायला. ईरासाठी म्हणून त्यांनी मुद्दाम ती पेटी निवडली. ऐकून ईरा घरभर नाचली. मी एक मिलिलिटरची बारकी सिरिंज घेतली, सुई काढून टाकली, तिच्यात काजळ भरलं आणि पर्समध्ये टाकली. रोज हातात असते ती वस्तू.

सकाळचे अकरा-सव्वाअकरा असतील. टेबलावर फोमच्या गादीवर पेटी, झाकण सरकवलेलं, मागे आरसा. ईरा समोर खुर्चीवर, मान सरळ. मंदार दाराशी दुसऱ्या एका मुलाच्या वडिलांशी बोलत होता. ओर्लाबाई दिव्याची मान वळवायला पलीकडे वाकल्या. मी ईराच्या मागे उभी होते. तिथून निघाले, टेबलाला वळसा घालून पेटीच्या बाजूला आले, आणि वाकले.

मनात काय म्हटलं तेही सांगते, लपवायचं काय आता. म्हटलं, घे बाई तुझं काजळ, आणि माझ्या पोरीची नजर तेवढी राहू दे. तो नवसच होता. आयुष्यातला पहिला. मोहरीएवढं काजळ त्या कुपीत सोडलं आणि सरळ झाले. कुणाच्या लक्षात आलं नाही.

"ओह," ईरा म्हणाली.

मग अगदी हळू, शेजारच्या मुलालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात, "माम, तिला मिळालं." ती एकटक बघत होती. "बोटाला लागलंय तिच्या. ती लावतेय... एका डोळ्याला. आता दुसऱ्या." तिचा चेहरा इतका उजळला होता की मला वाटलं, झालं, फळला नवस. "आता बोट पुसलं. आता डबीला टोपण लावतेय. फणी ठेवली. माम, ती आवरतेय सगळं."

"आवरतेय म्हणजे?"

"झाकण लावलं तिने."

झाकण माझ्यासमोर उघडंच होतं, मघाशी होतं तसंच.

"माम, तू कुठेयस? मागे ये ना."

मी धावत तिच्या मागे जाऊन उभी राहिले. झुमके हलवले. हात वर केला. "दिसते का? ईरा, दिसते का मी?"

"हिरवं आहे," ती म्हणाली. "सगळं हिरवंच आहे." आणि तिची मान हळूहळू डावीकडे कलली.

त्यानंतर आम्ही अकरा शनिवार गेलो. एकदाही काही दिसलं नाही. बाराव्या शनिवारी ईरा म्हणाली, "माम, इट्स ग्रँड, आपण नको जाऊया." इथे 'ग्रँड' म्हणजे भव्य नाही, 'चालेल, ठीक आहे' म्हणायला वापरतात. ती नुसती 'ठीक आहे' म्हणत होती, आणि माझ्यासाठी म्हणत होती.

मंदारला मी काजळ घातलं त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं होतं. ओरडेल असं वाटलं होतं. तो उठून बागेत गेला, बराच वेळ कचऱ्याच्या डब्याशी उभा राहिला, आत आला आणि ईराचा जेवणाचा डबा घासायला घेतला. त्याने मला आजपर्यंत एका शब्दाने दोष दिलेला नाही. दिला असता तर भांडता तरी आलं असतं. आईला आम्ही सांगितलं की म्युझियमने पेटी आत ठेवून दिली. ती त्याच समजुतीत अकोल्याला परत गेली.

काजळ घातल्यावर दहा दिवसांनी मी एकटी ओर्लाबाईंकडे जाऊन कबुली दिली होती. तीन हजार वर्षांच्या वस्तूत घरचं तूप घातलंय, तिचं नुकसान होईल, पोलिसांना बोलवा, हॉस्पिटलला कळवा, काय करायचं ते करा. त्यांचा चेहरा पांढरा पडला. कुपी लगेच आतल्या लॅबमध्ये गेली. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. भिंगाखाली बघितलं, नमुना घेतला, सगळं केलं. कुपी कोरडी होती. तळाशी पूर्वीपासून होता तो जुना काळा डाग, बाकी काही नाही. तूप नाही, ताजी काजळी नाही. "तुझं हे वर्ष फार कठीण गेलंय गं," त्या म्हणाल्या, अगदी मायेने. आवाज खाली आणून, खुर्ची पुढे ओढल्यासारखं. मी ओळखला तो आवाज.

पण सिरिंज माझ्याकडे आहे. तिच्यावर रेघा असतात. एक रेघ काजळ कमी आहे.

आता ईरा दहा वर्षांची आहे. नजरेचा मधला भाग पूर्ण गेला, आता कडाही चालल्यात. काठी घेऊन चालायला शिकतेय, बोटांनी वाचायला शिकतेय, आणि दोन्हींत माझ्यापेक्षा जास्त धीराची आहे. मी एकदा तिला विचारलं, गाडीत, समोर बघत, "मी ते काजळ घातलं नसतं तर बरं झालं असतं, नाही?" ती विचार करून म्हणाली, "पण माम, ती किती दिवस शोधत होती. तू दिलंच पाहिजे होतंस." मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

त्या सकाळी मी जागची हलले नसते, तिच्या मागेच उभी राहिले असते, तर निदान शेवटचं एकदा तिने मला बघितलं असतं. हे मी रोज मोजते. तिने मला शेवटचं बघितलं ते त्याच्या आधीच्या शनिवारी. तेव्हा काय दिसलं ते तिला पक्कं आठवतं. हनुवटीला टूथपेस्ट लागली होती माझ्या, आणि ती खूप हसली होती. तिच्याजवळ माझा तोच चेहरा आहे, आता दुसरा येणार नाही. मी केस रंगवत नाही, पण बट रुंद होत चाललीय. ते मी तिला सांगितलेलं नाही.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. वर्षभर शोधतेय. तुमच्यापैकी कुणी म्हणेल, बाई, हा सगळा योगायोग. मुलीला कडेने थोडं दिसत असणार, बाकी तिने अंदाज केला, तुम्हाला हवं तेच तुम्ही ऐकलंत, आणि आजार जसा वाढायचा तसाच वाढला. म्हणा. मी तुमच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं, चहा पिता पिता. फक्त मला ते पटेल असं म्हणा. कारण तो योगायोग असेल, तर माझ्या हातून काहीच झालेलं नाही. आणि नसेल, तर तो आरसा एक बाई काजळ शोधत होती तोवर उघडा होता, आणि मी तिला ते दिलं.

आईने पाडलेल्या काजळाची डबी अजून आमच्या किचनमधल्या कपाटात आहे, मिठाच्या मागे. ती धुऊन टाकावी असं दर रविवारी मनात येतं. पण रिकामी करवत नाही.